कमरेत चार स्क्रू, हातात तिकीट

माझ्या कमरेचा चौथा आणि पाचवा मणका चार स्क्रू आणि दोन सळ्यांनी जोडलाय. ऑपरेशनला दीड वर्ष झालं आणि नातीने मनोरंजन पार्कचं टुमणं लावलं, "आजोबा, खोपोलीला इमॅजिकात!"

आधी सर्जनला गाठलं. एक्स-रे बघून ते म्हणाले, "हाड छान जुळलंय. पण जोडलेला भाग वाकत नाही, त्याचा ताण शेजारच्या चकत्यांवर जातो. झटके, आपटणं टाळा." हाड जुळायलाच सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर तर हा विषयही नको.

रोलर कोस्टरच्या दाराशी पाटी असते: पाठीचा, मानेचा त्रास असलेल्यांनी बसू नये. 'चपला येथे काढा' एवढ्याही गांभीर्याने आपण ती वाचत नाही! मला विचाराल तर खरी फसवी ती टकरीची गाडी. दिसते पोरखेळ, पण मागून धक्का येतो तेव्हा पाठीचे स्नायू बेसावध असतात.

मी फिरत्या घोड्यांवर बसलो. तिथेही उडी मारून नाही; दांडा धरून, एकेक पाय टाकत. नात ओरडली, "आजोबा, घोडा पळवा की!"