व्यावसायिक इमारतीसाठी ध्वनिप्रक्रिया यंत्रणेची निवड

यंत्रणेचे स्वरूप

मायक्रोफोनकडून आलेल्या ध्वनिसंकेताचे अंकांत रूपांतर करून, त्यावर गणिती प्रक्रिया करून तो अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारे उपकरण म्हणजे ध्वनिप्रक्रियक. या व्यवसायात त्याला डीएसपी म्हणतात. बहुतेक उपकरणे संकेताची मोजणी सेकंदाला ४८,००० वेळा करतात. मिक्सर, इक्वलायझर, कॉम्प्रेसर, डिले अशी पूर्वी रॅकमध्ये एकाखाली एक रचलेली यंत्रे आता एकाच पेटीत सामावतात. संकेताचा सगळा प्रवास या पेटीतून होत असल्याने तिची निवड चुकली, तर उत्तम माइक आणि स्पीकरही वाया जातात.

आधी नकाशा

निवडीचा आरंभ इमारतीच्या नकाशावरून व्हावा. स्वागतकक्षात मंद संगीत, कँटीनमध्ये संगीत आणि घोषणा, बैठकखोल्यांत दूरसंवाद, सभागृहात भाषणे, वाहनतळात केवळ घोषणा: प्रत्येक जागेचे काम वेगळे असते. माइक किती, स्वतंत्रपणे नियंत्रित करायचे विभाग किती आणि कोणती घोषणा कोणाला थांबवू शकते, हे लिहून काढले की आवश्यक इनपुट व आउटपुट आपोआप ठरतात.

स्थिर आणि खुली रचना

स्थिर रचनेत संकेताचा मार्ग कारखान्यातच ठरलेला असतो. फक्त मूल्ये बदलता येतात. खुल्या रचनेत संगणकाच्या पडद्यावर चौकटी मांडून, त्या रेषांनी जोडून मार्ग आखता येतो. पीव्ही कंपनीची १९९३ मधील मीडियामॅट्रिक्स ही अशा प्रणालींपैकी आरंभीची. चार विभागांच्या उपाहारगृहाला स्थिर रचना पुरेशी, स्वस्त आणि चालवायला सोपी ठरते. भिंत सरकवून दोन खोल्यांची एक होणाऱ्या सभागृहाला मात्र खुली रचनाच लागते.

विलंबाचे गणित

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर तारेतील संकेत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. मंचापासून २० मीटरवर, गॅलरीखाली लावलेला स्पीकर त्यामुळे मंचावरील आवाजाच्या सुमारे ५८ मिलिसेकंद आधी बोलू लागतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतात. प्रक्रियक या स्पीकरला तेवढा विलंब देतो. त्यात आणखी १० ते १५ मिलिसेकंद मिळवले, तर जवळचा स्पीकर चालू असूनही आवाज वक्त्याकडूनच येत असल्याचा भास होतो. प्रथम पोहोचलेल्या ध्वनीवरून कान दिशा ठरवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये या परिणामाचे सविस्तर वर्णन केले. प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र विलंब देण्याची सोय म्हणूनच अत्यावश्यक आहे.

अनेक माइक असलेली बैठक

एकाच वेळी उघड्या असलेल्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारी आवाजाची वाढ ३ डेसिबलने घटते. आठ माइक उघडे असल्यास ही घट ९ डेसिबल होते. डॅन ड्यूगन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेला स्वयंचलित मिक्सर बोलणाऱ्याच्या माइकला अधिक वाटा देतो आणि सर्वांची मिळून वाढ स्थिर ठेवतो.

दूरसंवादात आणखी एक अडचण येते. पलीकडच्या व्यक्तीचा आवाज खोलीतल्या स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरतो आणि तिच्याकडेच परततो. प्रतिध्वनी-निरसन प्रक्रिया मूळ संकेताच्या संदर्भाने हा परतीचा भाग ओळखून वजा करते. प्रत्येक माइकसाठी या प्रक्रियेची स्वतंत्र वाहिनी असलेली बरी. हा दोष फक्त पलीकडे ऐकू येतो, खोलीतल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून खरेदीपूर्व चाचणी दोन्ही टोकांवर बसून घ्यावी. आवाज कमीजास्त करण्याची सोयही प्रक्रियकातच, संदर्भ-संकेताच्या आधी असावी. नंतरच्या अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी फिरवली की ही प्रक्रिया खोली पुन्हा नव्याने शिकू लागते.

नेटवर्क

मोठ्या इमारतीत ध्वनी आता संगणकीय जाळ्यातून फिरतो. दांते ही प्रणाली त्यासाठी बरीच रुळली आहे. निरनिराळ्या प्रणालींचा मेळ घालण्यासाठी एईएस६७ हे मानक २०१३ मध्ये आले. तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा इथेही लागू असते. सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, म्हणून स्विचची निवड संगणक विभागाशी बोलूनच करणे इष्ट.

आपत्कालीन घोषणा

संगीताची यंत्रणा आग लागल्यावर आपोआप जीवरक्षक ठरत नाही. ध्वनी-इशारा नियंत्रक उपकरणांसाठी ईएन ५४-१६ हे युरोपीय मानक आहे. त्यात उपकरणाने स्वतःचे दोष ओळखून कळवणे अपेक्षित असते. साध्या प्रक्रियकाला निदान अग्निसूचकाकडून संकेत मिळताच संगीत बंद करता आले पाहिजे. घोषणेची सुबोधता एसटीआय या ० ते १ च्या मापात मोजतात आणि इशाऱ्यासाठी साधारणपणे ०.५ चे लक्ष्य ठेवतात.

मर्यादा

घुमणाऱ्या खोलीला प्रक्रियक शांत करू शकत नाही. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाइन यांनी तिथे गाद्या आणून प्रयोग केले आणि खोलीचे आकारमान, ध्वनिशोषण व निनादकाळ यांचा संबंध मांडला. काचेच्या भिंती आणि ग्रॅनाइटच्या फरशीच्या स्वागतकक्षात शोषक छतावर केलेला खर्च महागड्या पेटीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

हस्तांतरण

खुल्या रचनेतील सारी मांडणी एका फाइलमध्ये असते. ही फाइल, पासवर्ड, आवश्यक परवाने आणि जोडणीचा अद्ययावत आराखडा इमारतीच्या मालकाकडे सोपवण्याची अट करारातच असावी. ती नसेल, तर कंत्राटदार बदलताच एक विभाग वाढवण्यासाठीही संपूर्ण मांडणी पुन्हा करावी लागू शकते.