पेन्सिलीची रेघ

आज पेंटियम ४ची फजिती सांगायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण एका वाचकांनी विचारलंय, ‘प्रोसेसरवर पेन्सिल घासून वेग वाढवता यायचा म्हणतात, ती थापच ना?’ थाप नाही हो! साधी शाळकरी पेन्सिल पुरायची. आणि हा विषय निघाला की मला आवरणं कठीण.

२०००च्या जूनमध्ये एएमडीने थंडरबर्ड अ‍ॅथलॉन आणि त्याचा स्वस्तातला धाकटा भाऊ ड्युरॉन बाजारात आणले. आपला गुणाकार आठवा : बसचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या वाहिनीचा, वेग गुणिले गुणक म्हणजे प्रोसेसरचा वेग. ६०० मेगाहर्ट्झचा ड्युरॉन म्हणजे १०० गुणिले ६. सहाचे नऊ केले की ९००, तेही पदरचा पैसा न घालता.

म्हणून तर गुणकाला कुलूप. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिप्स तपासून त्यांच्यावर आकडे छापतात, आणि स्वस्त मालाला उठाव असला की चांगल्या चिपवरही लहान आकडा पडतो. लबाड व्यापारी तो खरवडून मोठा छापत. इंटेलने गुणक आतूनच बंद करून टाकला होता. सेलेरॉन ३००एवाल्यांना बस ६६वरून १००वर नेऊन ४५० गाठावे लागले, ते त्यामुळेच.

एएमडीचं कुलूप मात्र दाराबाहेर! चिपच्या सिरॅमिक पाठीवर ‘एल१’ नावाची इवल्याशा पुलांची रांग होती, आणि हे पूल कापलेले असत. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढली की पूल सांधला, गुणक मोकळा. फक्त मदरबोर्डवर तो बदलायची सोय हवी. खोडरबराने पुसलं की कुलूप परत जागेवर. कुलूप लावून किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवावी, तसला हा बंदोबस्त. एएमडीच्या इंजिनीयरांना हे कळत नव्हतं, असं मला तरी वाटत नाही.

माझी पहिली रेघ शेजारच्या पुलाला चिकटली. स्पिरिटने पुसून पुन्हा ओढली. ड्युरॉन ६००चा ८५० झाला आणि मी आठवडाभर हवेत होतो. मग आणखी थंडावा हवा म्हणून मोठा हीटसिंक बसवायला गेलो. त्या चिप्सचा गाभा उघडा असायचा, क्लिप महाकडक. स्क्रूड्रायव्हरने दाबताना हीटसिंक कलला आणि गाभ्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला. आवाज अगदी बारीक येतो. विसरता येत नाही.

२००१च्या ऑक्टोबरात अ‍ॅथलॉन एक्सपी आला आणि पेन्सिल बाद झाली. ठिपक्यांच्या मध्ये आता लेझरने पाडलेला खड्डा होता. तर लोकांनी तो सुपरग्लूने बुजवला आणि वरून चांदीचा वीजवाहक रंग ओढला, मोटारीच्या मागच्या काचेवरच्या तापतारा दुरुस्त करायला मिळतो तो!

याच एक्सपीतल्या १५३३ मेगाहर्ट्झच्या चिपचं नाव एएमडीने ‘१८००+’ ठेवलं. ही २६७ची वाढ कुठून आली, ते पेंटियम ४ सोबतच सांगतो. पुढच्या आठवड्यात, नक्की.