निरोपाशेजारचे घड्याळ

मुलांनो, तुम्ही व्हॉट्सॲपवर आजीला निरोप पाठवता. बोट लावताच तो पडद्यावर दिसतो. इतक्या लवकर गेला का? नाही! नीट पाहा, त्याच्या शेजारी कधी कधी लहानसे घड्याळ दिसते.

निरोप आधी दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे जातो. त्याला सर्व्हर म्हणतात. आपला मॉरिशस तर बेट आहे. म्हणून समुद्राच्या तळाशी काचेच्या बारीक तंतूंची तार टाकली आहे. २००२ साली 'सेफ' नावाच्या तारेने आपले बेट दक्षिण आफ्रिका, भारत आणि मलेशियाशी जोडले. त्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरी जायला-यायला थोडा वेळ लागतोच.

तोवर पडदा तसाच राहिला, तर आपण पुन्हा बोट दाबतो. मग एकच निरोप दोनदा जातो! म्हणून फोन उत्तराची वाट न पाहता निरोप आधीच दाखवतो. सर्व्हरचे उत्तर आले, की घड्याळाच्या जागी बरोबरची एक खूण येते. आजीच्या फोनवर निरोप पोहोचला, की दोन खुणा होतात.

बँकेतून पैसे पाठवताना मात्र अशी घाई चालत नाही. तिथे उत्तर येईपर्यंत थांबावेच लागते.