आहारविचार, लेखांक ९ वा : दाण्यातले तेल आणि पळीतले तेल

अमरावतीस माझे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. आयुष्यभर त्यांनी दिवाणी कोर्टात दुसऱ्यांची वकिली केली आणि हल्ली ते स्वतःच्या हृदयाची करतात. दूध-तूप त्यांनी पूर्वीच वर्ज्य केलेले होते. पुढे अमेरिकेतील क्लीव्हलंडचे शल्यविशारद काल्डवेल एसल्स्टिन यांचे, हृदयविकाराच्या रोग्याने तेलाचा थेंबही घेऊ नये हे मत त्यांच्या वाचनात आले आणि फोडणीची पळीसुद्धा घरातून हद्दपार झाली. गेल्या पंधरवड्यात त्यांच्या पंक्तीस बसण्याचा योग आला, तेव्हा ज्वारीच्या भाकरीशेजारी जवसाच्या चटणीची जी टेकडी मी त्यांच्या पानात पाहिली, तिने प्रस्तुत लेखांकाचा विषय ठरवून टाकला. कारण जवसात वजनाच्या सुमारे शेकडा चाळीस भाग तेलच असते, आणि त्यात शेंगदाणे मिसळले तरी तो आकडा काही खाली येत नाही. वकीलसाहेबांनी तेलास दाण्यात राहण्याची मुभा दिली होती, इतकेच.

हा भेद क्षुल्लक मात्र नव्हे. दाणा खाल्ला म्हणजे तेलाबरोबर प्रथिने, खनिजे आणि तंतू पोटात जातात, पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. घाण्यातून निघालेले तेल या सर्व सोबत्यांना पेंडीत सोडून येते, आणि त्याच्या शंभर ग्रॅमांत नऊशे कॅलरी भरतात. एसल्स्टिन यांच्या पक्षातील हा मुद्दा निर्विवाद आहे. परंतु डीन ऑर्निश यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांचे आहारातील स्निग्ध शेकडा दहाच्या आसपास आणले होते, ते हृदयरोगी होते, आणि आहाराच्या जोडीला त्यांना व्यायाम, मनःशांतीची साधना व धूम्रपानत्याग हेही करावयाचे होते. तेव्हा त्या पथ्याचा दाखला देऊन वाढत्या वयाच्या पोराच्या किंवा उन्हात निंदण करणाऱ्या बाईच्या भाकरीवरचे तेल पुसून काढणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

वऱ्हाडात हा वाद पूर्वी उपस्थितच झाला नसता, कारण तेल मुळातच जपून वापरण्याची वस्तू होती. गावगाड्यात तेली अलुतेदारांत गणला जाई, त्याच्या धंद्यावर मोहतर्फा या कराची आकारणी होई, आणि बैल दिवसभर गोल फिरून जे काही तेल निघे त्यातला एक वाटा दिव्याकडे, एक अंगाला लावण्याकडे व एक गाडीच्या आखाकडे जाऊन शिल्लक राहील ते स्वयंपाकघरात येई. म्हणूनच इथल्या जुन्या पदार्थांत तेल वरून घालण्याची रीत दिसते. अंबाडीची भाजी शिजते ती पाण्यात आणि कण्यांत, लसणीची फोडणी पडते ती पानात वाढताना. गोळाभाताचे गोळे भाताबरोबर वाफेवर होतात, आणि हिंग-मोहरीचे कढत तेल प्रत्येकाच्या पानात वेगळे घालतात. या रिवाजात शरीरशास्त्राचीही सोय आहे. पालेभाजीतील कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते, ते स्निग्धाच्या सोबतीवाचून आतड्यातून नीट शोषले जात नाही. आणि ज्वारी-तुरीच्या जेवणात स्वतःचे स्निग्ध फार थोडे असल्यामुळे, ज्याने तूप सोडले आहे त्याला ही सोबत दाण्यातून किंवा पळीतून आणावीच लागते.

जवसाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हे पीक विदर्भाच्या परिचयाचे असून त्याची थोरवी आपण परक्यांच्या तोंडून ऐकली. शरीराला स्वतः बनविता न येणारी जी दोन आवश्यक मेदाम्ले आहेत, त्यांपैकी अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवसाच्या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापते. शेंगदाण्याच्या, तिळाच्या किंवा करडीच्या तेलात ते नाममात्र असते. शाकाहाऱ्याच्या पानात याच कुळातील मेदाम्ले पुरविणारी मासळी नसते, म्हणून त्याला या आम्लाचे महत्त्व अधिक. पण हेच आम्ल हवेशी फार लवकर संयोग पावते. त्याच गुणामुळे जवसाचे तेल दारा-खिडक्यांवर लावले असता वाळून चिवट पापुद्रा धरते आणि रंगाच्या कारखान्यांत जाते; त्याच दोषामुळे ते कढईत तळणीसाठी ठेवणे अनुचित ठरते. सबंध दाणा गिळला तर त्याचे टरफल पोटात फुटत नाही आणि तो आल्या वाटेने निघून जातो. जवस हलके भाजावे, कुटावे आणि आठवड्यापुरतीच चटणी करून ठेवावी, ही आजीबाईंची पद्धत या सर्व अडचणींतून एकदम वाट काढते. रसायनशास्त्र तिला कोणी शिकविले नव्हते. खवट वास मात्र तिला ओळखता येई.

सरकीची गोष्ट याच्या उलट आहे. कापसाच्या या मुलखात सरकीला तोटा नाही. अकोला तर सरकी ढेपेच्या वायदेबाजाराचे मूळ केंद्र मानले जाते. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणून तिचे तेल क्षाराने शुद्ध केल्यावाचून माणसाच्या पोटात घालता येत नाही. सोयाबीनमध्ये तेल अवघे शेकडा अठरा-वीस भाग, तेव्हा ते बहुधा हेक्झेन या द्रावकाने ओढून काढतात. गावच्या घाण्यावर ज्याचे तेल सहज निघत नाही, असे बियाणे आज आपल्या शेतांत सर्वत्र दिसते, आणि तीळ-जवस बांधाला जाऊन बसले आहेत. वनस्पती तुपाबद्दल अधिक लिहीत नाही. बनावट तूप ओळखता यावे म्हणून त्यात शेकडा पाच भाग तिळाचे तेल सक्तीने मिसळावे लागे, यातच सर्व आले.

शेजारच्या वर्ध्यास मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालील त्या संस्थेत झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा करून अधिक तेल काढणारी घाणी सिद्ध केली. त्यामागील हिशेब आहाराइतकाच अर्थकारणाचाही होता : तेल ताजे मिळावे, आणि पेंड गावातच राहून गुरांच्या व शेताच्या उपयोगी पडावी. आज शहरांत लाकडी घाण्याचे तेल चढ्या दराने विकले जाते, ते बरेचसे प्रतिष्ठेखातर. घाण्याचे असले म्हणून तेलाच्या कॅलरी कमी होत नाहीत.

प्रमाणाचे म्हणाल, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे चौघांच्या घराला, सर्व प्रौढ धरले तरी, महिन्याला सव्वातीन किलोंच्या आतच. ज्या घरात पाच किलोंचा डबा पंचवीस तारखेच्या आत रिकामा होतो, त्या घराने एसल्स्टिन वाचण्यापूर्वी वाण्याची वही वाचावी.

वकीलसाहेबांच्या पंक्तीला त्या दिवशी अंबाडीची भाजी होती. ती कोरडी भाजी घशाखाली उतरेना, तेव्हा मी वहिनींकडे भीतभीतच चमचाभर तेलाची याचना केली. घरात तेल नव्हतेच. पण देवापुढच्या समईसाठी घाण्यावरून आणलेल्या तिळाच्या तेलाची बुधली कोनाड्यात होती, ती त्यांनी नवऱ्याकडे न पाहता माझ्या पानावर तिरपी केली. वकीलसाहेबांनी चटणीचा घास थांबवून ती धार शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "पाहुण्यांच्या खाती मांडा, आणि भांडे इकडे ठेवा."