कचेरीतल्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड : आधी पाहावे, मग पैसे मोजावे



उसाचा हप्ता जमा झाला की घरोघरी खर्चाची यादी निघते. अलीकडे त्या यादीत पोरांच्या शिक्षणासाठी संगणक हमखास असतो. नवा परवडत नाही म्हणून कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेला जुना डेस्कटॉप पुष्कळजण घेतात. त्यात गैर काही नाही; यंत्र दणकट असते. पुढे मुलगा अभियांत्रिकीला जातो, मुलगी अ‍ॅनिमेशन शिकू लागते, आणि मागणी येते, "आबा, ह्यात ग्राफिक्स कार्ड टाकायला लागतंय." हे कार्ड आपल्या यंत्रात चालेल का, हे सभासदांना पैसे देण्याआधी कळावे, म्हणून हा लेख.

कचेरीच्या संगणकात पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम बहुधा मुख्य प्रोसेसरमधलाच एक भाग करतो. त्याला स्वतःची मेमरी नसते. मुख्य रॅममधून तो उसनी घेतो. जमाखर्च, पत्रव्यवहार, ऑनलाइन सातबारा, व्हिडिओ यांना एवढे पुरते. पण यंत्राच्या भागाचे त्रिमितीय चित्र फिरवायचे किंवा 'ब्लेंडर'सारख्या प्रोग्रॅममध्ये काम करायचे, तर त्याला धाप लागते. स्वतंत्र कार्डावर स्वतःचा प्रोसेसर व स्वतःची मेमरी असते, म्हणून ते काम सोपे होते.

आता खरी गोम वीजपुरवठ्याची. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीची केबल व स्टार्टर तसाच ठेवून दहाची मोटार जोडली तर काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथेही तेच. २०१२ साली आलेल्या डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० चे उदाहरण घ्या. त्याच्या लहान खोक्यात २४० वॅटचा पॉवर सप्लाय असतो, मोठ्या उभ्या खोक्यात २७५ वॅटचा. सगळे यंत्र तेवढ्यातच चालायचे. कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते, आणि कचेरीच्या यंत्रात ती बहुधा नसतेच. "मग पॉवर सप्लायच बदलू की," असे कुणी म्हणेल. पण पुष्कळ यंत्रांत त्याचा आकार व पिना निराळ्या असतात, बाजारातला साधा बसत नाही.

तेव्हा कमी विजेवर चालणारे कार्डच पाहावे. जीटी १०३० हे ३० वॅटचे, तर जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटचे. दुसऱ्याच्या काही नमुन्यांना वेगळी वायर लागते, ते टाळावेत. लहान खोक्यात अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते; म्हणून पट्टी घेऊन आतली जागा मोजावी.

नावावरही जाऊ नये. जीटी १०३० हे २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीसह आले, २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे आले. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण एक-तृतीयांश. पिशवी एक, बियाणे दोन! खोक्यावरील बारीक अक्षर वाचूनच घ्यावे.

आणखी एक. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०१२ सालच्या प्रोसेसरला विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही. एवढ्या जुन्या यंत्रात महाग कार्ड घालणे म्हणजे निडव्याला भारी खताची मात्रा देणे. संगणक नुसता हळू चालत असेल, तर आधी रॅम वाढवावी आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.

कार्ड बसविताना वीज बंद करून वायर काढावी. नंतर पडद्याची केबल जुन्या जागी न लावता कार्डाच्या मागे लावावी, नाहीतर कार्ड असून उपयोग नाही.

तरी सभासदांनी यंत्र दुकानात न्यावे, कार्ड बसवून मुलांचा प्रोग्रॅम समोर चालवून घ्यावा आणि मगच पैसे द्यावेत. वजनकाट्यापाशी आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, तसेच इथेही राहावे. हप्त्याचा पैसा घामाचा आहे.