‘बंदिनी’: गाणं कोण गातं, गप्प कोण राहतं?

हिंदी चित्रपटात गाणं आलं की कथा थांबते, असं आपण सहज म्हणून जातो. मोबाइलवर बघताना तर गाणं सरळ पुढे ढकलतो. बिमल रॉय यांचा १९६३चा ‘बंदिनी’ बघताना मात्र तसं करून चालणार नाही. का, ते आज पाहू.

जरासंध यांच्या बंगाली कादंबरीवरची ही कथा स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली. कल्याणी, म्हणजे नूतन, खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे. संगीत सचिनदेव बर्मन यांचं. गीतं शैलेंद्रची, एक तेवढं गुलजारांचं.

आता एक साधी नोंद करू. कल्याणीच्या तोंडी गाणी फक्त दोन. दोन्ही लताबाईंच्या आवाजात, आणि दोन्ही भूतकाळातली, गावातली, विकासच्या प्रेमात पडतानाची. गाव सोडताना गाणं आहे, पण ते मुकेशच्या आवाजात, पार्श्वभूमीला. ती स्वतः गप्प झालेली असते.

तुरुंगात तर गातात ते दुसरेच. फाशीकडे निघालेला क्रांतिकारक गातो. दळता दळता एक कैदी बाई माहेरची आठवण गाते, आवाज आशाबाईंचा. आपल्याकडे जात्यावरची ओवी ऐकत मोठं झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दळण दुसऱ्याचं, दुःख आपलं. ती बाई गाते आणि कल्याणी ऐकते. न बोललेलं तिचं दुःख त्या सुरातून आपल्यापर्यंत पोचतं.

आणि विष देण्याचा प्रसंग? तिथे गाणं नाहीच. बाहेर लोखंडावर घाव पडताहेत, वेल्डिंगचा उजेड चेहऱ्यावर येतो-जातो. जिथे माणसाचा तोल सुटतो तिथे दिग्दर्शकाने सूरही काढून घेतला.

शेवटी नदीचा घाट. एकीकडे डॉक्टर देवेंद्रबरोबरचं नवं आयुष्य, दुसरीकडे आजारी विकास. बर्मनदांचा स्वतःचा आवाज येतो, नावाड्याच्या गाण्याच्या वळणाचा. कल्याणी एक शब्द बोलत नाही, बोटीकडे धावते. तिचा निर्णय बरोबर की चूक, यावर आपण वाद घालू शकतो, घालावाही. पण तो तिने कसा घेतला हे संवादात सापडणार नाही. म्हणून म्हटलं, गाणं पुढे ढकललं तर नायिकेचं मनच आपण ओलांडून जातो.

पुन्हा बघाल तेव्हा एवढंच करा: कोण गातंय यापेक्षा कोण ऐकतंय, तिकडे लक्ष ठेवा.