गुलमंडीच्या गल्ल्यावर करकपात

22 सप्टेंबर 2025. घटस्थापनेच्या दिवशीच जीएसटीचे नवे दर लागू झाले. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुऱ्यातल्या घरगुती कापड दुकानांसाठी यात महत्त्वाचा आकडा होता 2,500 रुपये.

पूर्वी 1,000 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर 12 टक्के कर होता. आता 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के, पुढे थेट 18. म्हणजे 2,000 रुपयांच्या कुर्त्यावरचा कर 240 वरून 100 रुपयांवर आला; 2,600 रुपयांच्या कुर्त्यावरचा मात्र 312 वरून 468 वर गेला.

ही बचत गिऱ्हाइकाची. दुकानदाराला फायदा होतो तो विक्री वाढली तरच.

जुन्या मालाचं गणित वेगळं. 1,500 रुपयांना घेतलेल्या कुर्त्यावर दुकानदाराने 180 रुपये कर आधीच भरलेला असतो. तो 2,000 ला विकल्यावर 100 रुपयेच वळते होतात. उरलेले 80 पुढच्या विक्रीपर्यंत खात्यात अडकतात. मोठ्या दुकानाला ते जाणवत नाही, छोट्याचं खेळतं भांडवल तेवढं आटतं.

छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेतला दुकानदार तर उलाढालीवर 1 टक्काच भरतो. त्याचा हा दर बदलला नाही, पण कमी कराचा माल त्याला खरेदीतच स्वस्त पडतो.